सात नग, एकच सेटिंग

घरच्या लेथवर एक सिलिंडर करणं आणि पाच सिलिंडर करणं ही दोन वेगळी कामं आहेत. एका सिलिंडरच्या मॉडेल इंजिनात बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ते भोक, ०.०३ मिमीने मोठा झाला तर पिस्टन तेवढा मोठा कातायचा, उंची कमी भरली तर हेडखाली जाड गॅस्केट घालायचं. निभावून नेता येतं. पाच सिलिंडर एकाच क्रँकवर आले आणि एकाच कार्ब्युरेटरमधून ओढू लागले की ही सोय संपते. त्यातला एक जरी कॉम्प्रेशन सोडत असला तरी हळू चालीवर इंजिन लंगडतं, आणि मग दोष व्हॉल्व्हचा, टायमिंगचा, कार्ब्युरेटरचा की सिलिंडरचा हे शोधण्यात दिवस जातात. म्हणून इथे अचूकपणाच्याही आधी सारखेपणा लागतो, आणि तो मिळतो कामाच्या क्रमातून.

उदाहरणादाखल हवेवर थंड होणारं पाच सिलिंडरचं रेडियल इंजिन घेऊ, म्हणजे क्रँकभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे सिलिंडर असलेलं. बोअर २४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) २२ मिमी, म्हणजे एका सिलिंडरचे ९.९५ सीसी आणि सगळे मिळून जेमतेम ५०. क्रँककेसमध्ये शिरणारा गळा, म्हणजे स्पिगॉट, २८ मिमी व्यासाचा आणि ८ मिमी लांब. त्यावर ५६ व्यासाचा, ४ मिमी जाड फ्लँज, क्रँककेसला बोल्टांनी आवळायची कड. फ्लँजच्या वर १.५ मिमीच्या अकरा चिरा आणि त्यांच्यामध्ये उष्णता बाहेर टाकणाऱ्या १ मिमीच्या दहा फिन, बाहेरचा व्यास ४०, चिरेच्या बुडाशी २८. सगळ्यात वर ५ मिमी जाड कॉलर, ज्यात हेडचे बोल्ट येतात. फ्लँजच्या बुडापासून माथ्यापर्यंत ३५.५ मिमी. पूर्ण आकाराच्या रेडियलचीही घडण साधारण अशीच होती. १९२५ च्या डिसेंबरात तयार झालेल्या प्रॅट अँड व्हिटनी वॉस्पमध्ये पोलादी बॅरलवरच फिन कातलेल्या असत आणि ॲल्युमिनियमचं हेड गरम करून आट्यांवर बसवलेलं असे. भारतीय हवाई दलाचे वैमानिक ज्या हार्वर्ड विमानांवर शिकले, त्यांच्या नाकात हेच इंजिन होतं. एका रांगेतल्या इंजिनाची गोष्ट वेगळी. इंग्लंडमधल्या एडगर वेस्टबरी यांच्या १५ सीसीच्या ‘सील’सारखं चार सिलिंडरचं इंजिन एका ब्लॉकमध्ये असतं, तिथे खरी कसरत चार बोअरमधल्या अंतराची. रेडियलमध्ये प्रत्येक सिलिंडर सुटा, त्यामुळे एखादा बिघडला तर तेवढाच फेकता येतो. पहिल्यांदा बहुसिलिंडरला हात घालणाऱ्याने रेडियल निवडावं असं मला वाटतं, ते याच कारणासाठी.

ड्रॉइंगवर सगळी मापं एकाच तोऱ्यात उभी असतात, पण त्यांचं महत्त्व सारखं नसतं. उंचीचं बघा. कॉम्प्रेशन ६ ला १ धरलं तर पिस्टन वर असताना उरणारी जागा १.९९ सीसी. सिलिंडर ०.२ मिमीने उंच झाला तर त्या जागेत ०.०९ सीसीची भर पडते आणि गुणोत्तर ५.८ वर येतं. चांगलं नाही, पण इंजिन चालतं. आता गळतीचं बघा. शंभर सीसीच्या मोटरसायकलचा बोअर ५० मिमी. त्याच्या परिघावर दर सीसीमागे पिस्टन रिंगची धार पडते १.६ मिमी. आपल्या २४ मिमी बोअरमध्ये तीच ७.६ मिमी होते. म्हणजे तेवढ्याच वायूसाठी निसटायला जवळजवळ पाचपट लांब फट. रिंग आणि बोअरमध्ये १० मायक्रॉनची चंद्रकोर राहिली तर मोटरसायकलला पत्ता लागणार नाही, मॉडेल मात्र सुरूच होणार नाही. तेव्हा प्राधान्य असं: बोअर आधी गोल हवा, मग सरळ हवा, मग फ्लँजला काटकोनात हवा, आणि त्याचं प्रत्यक्ष माप २४.०० आलं की २४.०३, हे सगळ्यात शेवटी. रिंगा आणि पिस्टन त्या त्या सिलिंडरला धरून बसवायचे असतील तर मापात ०.०३ चा फरक चालतो. गोलाईत ०.०१ सुद्धा चालत नाही.

धातू बीड घ्यावा. राखाडी कास्ट आयर्न, एफजी २६० दर्जाचं, ६० मिमीची सळई. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांच्या आसपास किंवा मुंबई-पुण्याच्या धातूबाजारात चौकशी केली की असा तुकडा मिळतो. भंगारातलं कुठलं तरी जाड बीड उचलण्याचा मोह टाळावा. आत कुठे पोकळी आहे, कुठे कडक गाठ आहे ते फिन कातेपर्यंत कळत नाही, आणि कळतं तेव्हा निम्मं काम झालेलं असतं. पाच सिलिंडरसाठी सात तुकडे कापायचे: एक सेटिंगसाठी, एक राखीव. ४७ मिमीचा एकेक तुकडा आणि करवतीचे ३ मिमी धरले तर ३५० मिमी सळई लागते, वजन सात किलोच्या आसपास. यातला प्रत्येक तुकडा भरतो साडेनऊशे ग्रॅम आणि तयार सिलिंडर पावणेदोनशे. बाकीचं सगळं मशेरीसारखी काळपट पूड होऊन लेथच्या ट्रेमध्ये येतं. ही पूड स्लाइडच्या तेलात मिसळली की घासण्याची पेस्टच तयार होते. म्हणून बेडवर आधी जुनं वर्तमानपत्र अंथरायचं, बीड कोरडंच कातायचं, आणि दर नगानंतर ब्रशने झाडायचं. कॉम्प्रेसरची हवा मारली तर पूड नेमकी जिबच्या (स्लाइडचा ढिलेपणा काढणाऱ्या पट्टीच्या) फटीत जाते. आणि तोंडावर मास्क हवाच.

रफ काम जोरात करून घ्यावं. फ्लँजच्या बाजूने चकमध्ये धरून वरचा भाग ४२ मिमीपर्यंत उतरवायचा, १२, १८, २१ अशा चढत्या ड्रिलने भोक पाडून बोअर २२.५ ला आणायचा. पहिला कट सळईच्या सालीच्या खाली जाईल इतका खोल घ्यायचा, कारण साल कडक असते आणि वरवर घासलेलं टूल तिथेच धार घालवतं. सातही तुकडे या टप्प्यावर आले की त्यांना काही दिवस तसंच पडू द्यावं. भट्टीची सोय असेल तर साधारण ५५० अंशांवर तासभर ठेवून भट्टीतच थंड केलेलं उत्तम. एवढा धातू काढल्यावर आतला ताण मोकळा होतो आणि तुकडा थोडासा का होईना वाकतो. ते वाकणं फिनिशच्या आधी उरकलेलं बरं.

पुढचं सेटिंग महत्त्वाचं. तुकडा उलटा करून ४२ मिमीच्या भागावर पकडायचा. इथे भिंत जवळजवळ १० मिमी जाड असते, चकचे जॉ दाबले तरी आकार बदलत नाही. या एकाच पकडीत स्पिगॉट, फ्लँजचं बूड, फ्लँजचा बाहेरचा व्यास आणि २३.४० चा रफ बोअर, सगळं उरकायचं. फ्लँजचं बूड आणि स्पिगॉट ही पुढच्या प्रत्येक कामाची बैठक. मध्ये तुकडा काढून पुन्हा लावला की ही दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत. स्पिगॉट क्रँककेसच्या भोकात ०.०२ ते ०.०३ मोकळा बसावा; ठोकून बसवायची वेळ आली तर बोअरचं तोंड आवळलं जातं. बोअरच्या खालच्या तोंडाला १५ अंशांचा, मिमीभर लांब उतार इथेच द्यायचा, म्हणजे पुढे रिंगा न तुटता आत शिरतात. स्पिगॉट आखूड करू नये असंही सांगेन. पाच सिलिंडरमधले दोन खाली तोंड करून असतात, आणि क्रँककेसमधलं तेल त्यांच्यात उतरू नये म्हणून स्पिगॉटची कड आत थोडी वर आलेली हवी.

आता फिन. इथे घाई केली की नग गेला. २३.३८ चं मँड्रेल, म्हणजे नग ओवून धरायची दांडी, करायचं, त्याच्या खांद्याला स्पिगॉट सामावणारी खाच ठेवायची, म्हणजे खांदा फ्लँजच्या बुडालाच टेकतो. दुसऱ्या टोकाला जाड वॉशर आणि नट, मग टेलस्टॉकचं सेंटर. आतून फुगणारं मँड्रेल वापरू नये. फिन कातल्यावर भिंत २ मिमीच उरते आणि आतून फुगवलेला बोअर सोडल्यावर कुठल्या आकाराला येईल याचा भरवसा नाही. लांबीच्या दिशेने आवळलेला नग तसा बिघडत नाही.

टूल एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं), स्वतः घासलेलं. रुंदी १.५ मिमी, बाहेर निघालेली जीभ ७ मिमी, त्याहून जास्त अजिबात नाही. दोन्ही बाजूंना मागे एक-दीड अंशाची सूट, वरचा उतार शून्य. दोन्ही कोपरे ऑइलस्टोनवर हलकेच गोल करायचे, ०.३ मिमीच्या आसपास. चिरेच्या बुडाला धारदार कोपरा राहिला तर बिडाला तडा जायला तेवढं निमित्त पुरतं. टूल नेमकं सेंटरच्या उंचीवर आणि जॉबला काटकोनात हवं. काटकोन तपासायला फेस प्लेटवर (स्पिंडलवर बसणाऱ्या सपाट चकतीवर) टूलची कड टेकवून प्रकाश बघायचा. तिरकं गेलं तर ६ मिमी खोल चिरेत टूलची बाजू फिनला घासते, फिन एका बाजूला ढकलली जाते आणि तुटते.

फेरे मिनिटाला १२० ते १३०. सॅडल (बेडवरून सरकणारा भाग) लॉक, जिब नेहमीपेक्षा किंचित घट्ट, कंपाउंड स्लाइड (टूल धरणारी वरची छोटी स्लाइड) बेडला समांतर लावलेली. एका चिरेतून दुसऱ्या चिरेकडे जाताना कंपाउंड २.५ मिमी सरकवायची आणि नेहमी एकाच दिशेने. मागे यावं लागलं तर एक पूर्ण फेरा मागे जाऊन पुन्हा पुढे यायचं, नाहीतर बॅकलॅशमुळे (स्क्रूच्या आट्यांतल्या ढिलेपणामुळे) एक फिन ०.८ ची आणि शेजारची १.२ ची होते. दोन मिमी आत जायचं, बाहेर येऊन पूड झाडायची, पुन्हा आत. चॅटर, म्हणजे टूलची थरथर, सुरू झाला की बहुतेकांचा हात आपोआप हलका होतो, आणि तिथेच चुकतं. हलक्या हाताने टूल कापत नाही, घासतं. घासलेली जागा चकचकीत होते आणि पुढचा कट आणखी ओरडतो. फेरे कमी करायचे आणि फीड वाढवायचा. तरीही ओरडत असेल तर टूल किती बाहेर आलंय ते बघायचं, मग सेंटरची उंची, मग जिब. कारण बहुधा या तिघांतच सापडतं. दर दोन नगांनंतर टूलला ऑइलस्टोनचे चार हात मारावेत, बिघडण्याची वाट न बघता.

भोकं बोअर फिनिश करण्याच्या आधी पाडायची. फ्लँजला सहा, ३.२ मिमीची, ४९ मिमीच्या वर्तुळावर. कॉलरला सहा, एम३ चे आटे, ३४ च्या वर्तुळावर. दोन्हींसाठी कडक पोलादाचा जिग (ड्रिलला जागा दाखवणारा साचा) करावा, आणि फ्लँजचा जिग क्रँककेसलाही तोच वापरावा, म्हणजे कुठलाही सिलिंडर कुठेही बसतो. ४९ हा आकडा पान्यासाठी आहे. एम३ नटाभोवती बॉक्स पाना फिरायला मध्यापासून सव्वाचार मिमी जागा लागते. फिनचा व्यास ४० ऐवजी ४२ केला तर पाना फिनवर आपटतो आणि इंजिन जोडण्याच्या दिवशी लक्षात येतं. फिनचा व्यास ठरवताना पाना हातात घेऊन ठरवावा.

मग या सगळ्या कामाचा कणा, नग दर वेळी एकाच जागी धरणारं फिक्स्चर. ८० मिमीची बिडाची किंवा पोलादी चकती फेस प्लेटवर बोल्टांनी पक्की बसवायची आणि लेथवरच तिचं तोंड फेस करायचं. मधोमध २६ मिमीचं आरपार भोक, त्याच्या तोंडाशी स्पिगॉटसाठी २८.०१ ची, साडेआठ मिमी खोल बैठक, आणि जिगच्याच नमुन्याचे सहा एम३ आटे. सातवा नग उतरेपर्यंत ही चकती लेथवरून हलवायची नाही. लेथवरच कातल्यामुळे ती स्पिंडलशी आपोआप जुळलेली असते. तिच्यावर बसलेल्या प्रत्येक नगाचा बोअर स्पिगॉटशी एककेंद्री आणि फ्लँजला काटकोनात येतो. सिलिंडर सहा स्क्रूंनी, सुमारे १ न्यूटन-मीटरला, समोरासमोरच्या जोड्यांनी आवळायचा, इंजिनात आवळणार तितकाच. स्क्रू आवळले की फ्लँज किंचित वाकतो आणि बोअरचं तोंड त्याच्यासोबत जातं. आवळलेल्या स्थितीतच बोअर केला की इंजिनात बसवल्यावर तो पुन्हा गोल होतो. चकमध्ये मोकळा बोअर केलेला सिलिंडर टेबलावर सुंदर मोजला जातो आणि इंजिनात गळतो, त्याचं कारण बहुधा हेच.

दर नग बसवण्याआधी बैठक आणि फ्लँज ब्रशने झाडून अंगठ्याने पुसायची. डोळ्याला न दिसणारा कण अंगठ्याला लागतो. फ्लँजच्या एका कडेखाली ०.०२ ची पूड राहिली तर ४३.५ मिमी लांबीत बोअर ०.०१५ ने कलतो, आणि पिस्टन आयुष्यभर एका बाजूला घासत राहतो.

बोरिंग बार बसेल तितका जाड, १६ मिमीचा, बाहेर ५० मिमीपेक्षा जास्त नको. बिडासाठीची कार्बाइड टिप, नाकाची त्रिज्या ०.२ किंवा ०.४. फेरे ६००, फीड ०.०५. २३.४० वरून २३.७०, मग २३.८४, २३.९० आणि २३.९६. शेवटचे दोन कट मुद्दाम सारखे. बार दर वेळी थोडा मागे झुकतो. तेवढ्याच खोलीचा कट पुन्हा घेतला की तेवढाच झुकतो. २३.९० च्या कटाला प्रत्यक्षात २३.८९ मिळालं तर पुढच्या कटाला किती मिळणार हे आधीच कळलेलं असतं. त्याच पकडीत माथा फेस करायचा, सॅडल स्टॉपला टेकवून लॉक करून. फिक्स्चरचं तोंड हीच बैठक असल्यामुळे स्टॉप न हलवता केलेले सातही माथे एकाच उंचीचे येतात. ती उंची ३५.५० भरली की ३५.४७, याने बिघडत नाही. सगळ्यांची सारखी असणं महत्त्वाचं. मास्टर रॉडच्या रेडियलमध्ये, जिथे एकच रॉड थेट क्रँकवर असतो आणि बाकीचे लिंक रॉड त्याला जोडलेले असतात, हा सारखेपणा जास्तच लागतो. लिंक रॉडचे पिस्टन मुळातच एकाच उंचीपर्यंत जात नाहीत, मास्टर रॉडच्या हालचालीमुळे त्यांच्या स्ट्रोकमध्ये थोडा थोडा फरक असतो. सिलिंडरही वेगवेगळ्या उंचीचे निघाले तर कुठला फरक कुठून आला ते वेगळं काढता येत नाही.

मोजायच्या आधी नग गार होऊ द्यावा. बीड २० अंशांनी तापलं तर २४ मिमीचा बोअर ५ मायक्रॉन मोठा दिसतो. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली काम असेल तर पहाटे मोजावं, आणि गेज व नग रात्रभर एकाच टेबलावर ठेवावेत. टेलिस्कोपिक गेज इथे पुरत नाही, त्याचा ०.०१ वरही नेम नाही. बोअर डायल गेज हवा. तीन खोल्यांवर, दोन आडव्या दिशांना, असे नगाला सहा आकडे वहीत लिहायचे आणि फ्लँजच्या कडेवर नंबर पंचाने क्रमांक ठोकायचा, अर्थात बोअर फिनिश व्हायच्या आधी. नंतर ठोकलेला पंच बोअरमध्ये उमटतो.

उरलेले ०.०४ लॅपने, म्हणजे पेस्ट लावून आतून घासणाऱ्या दांडीने, काढायचे. ब्रेक सिलिंडरचं तीन पायांचं होन (भोक आतून घासायचं दगडांचं हत्यार) बाजारात सहज मिळतं, पण ते असलेल्या वाकडेपणावरून मुकाट चालतं. चकाकी देतं, आकार सुधारत नाही. रिबोअरवाल्यांकडचं होन बहुधा इतक्या लहान भोकात जातच नाही. तेव्हा ॲल्युमिनियमचा चिरलेला लॅप, आत निमुळती पिन, लांबी बोअरपेक्षा जास्त. लॅप चकमध्ये, फेरे १००. सिलिंडर एका जाड रिंगवर, पुन्हा त्याच सहा स्क्रूंनी त्याच ताणात आवळून, हातात. हातमोजे नकोत, चिंधी नको. अडकला तर सोडून देता आला पाहिजे. पेस्ट ॲल्युमिनियम ऑक्साइडची, आधी ३२० आणि शेवटी ६००, पातळ तेलात. सेकंदाला एक खेप या चालीने मागे-पुढे करायचं आणि दर काही खेपांनी सिलिंडर हातात पाव फेरा फिरवायचा. या वेगाला रेघांची जाळी साधारण ४५ अंशांत येते, तेल धरायला हवी तशी. टोकाला लॅप बोअरच्या एक तृतीयांश बाहेर येऊ द्यायचा. त्याहून जास्त आला तर तोंडं पसरतात. कमी आला तर मध्यभाग पोटासारखा फुगतो. गेजवर कुठला भाग आवळ आहे ते दिसतं, तेवढ्याच भागात आखूड खेपा मारायच्या. सहा आकडे ५ मायक्रॉनच्या आत आले की थांबायचं. २४.०० ला पोचण्यासाठी गोल झालेला बोअर पुढे घासत बसू नये.

धुणं हेही कामच आहे. आधी रॉकेल, मग गरम पाणी आणि साबण, भांडी घासायच्या ब्रशने. पांढरं फडकं आतून फिरवल्यावर पांढरंच बाहेर येईपर्यंत. बिडातल्या ग्रॅफाइटच्या बारीक छिद्रांत पेस्ट अडकलेली असते, ती राहिली तर पहिल्या तासाभरातच रिंगा खाते. पुसल्याबरोबर तेल लावायचं. कोकणातल्या पावसाळ्यात ओलं बीड बघता बघता गंज धरतं.

रिंगा प्रत्येक बोअरमध्ये सरळ बसवून तोंडातली फट मोजायची, २४ मिमीला ०.०५ ते ०.१०. बोअर ०.०२ ने मोठा असेल तर तीच रिंग ०.०६ ने जास्त उघडते, म्हणून एका सिलिंडरला घासून बसवलेली रिंग दुसऱ्यात घालायची नाही; रिंगांच्या पाकिटावरही नगाचा क्रमांक लिहायचा. ॲल्युमिनियमच्या पिस्टनला स्कर्टवर ०.०६ च्या आसपास मोकळीक ठेवावी. मग वही उघडून सातांतले पाच निवडायचे, आणि त्यांतले सगळ्यात गोल दोन खालच्या जागांना द्यायचे, तिसऱ्या आणि चौथ्या. तेल तिथेच साचतं, आणि रिंग जरा जरी ढिली धरत असेल तर प्लग सगळ्यात आधी तिथलेच भिजतात.